जुन्या बीटलला नवे मागील सस्पेन्शन : लाभ, मर्यादा आणि नियम

फोक्सवॅगन कंपनीची बीटल ही जगातील सर्वाधिक काळ उत्पादनात राहिलेल्या मोटारींपैकी एक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल कारखान्याबाहेर पडली. या काळात २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल मोटारी तयार झाल्या. बाह्यरूप फारसे बदलले नसले तरी तिच्या आतील यंत्ररचनेत अनेक बदल होत गेले. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा बदल मागील चाकांच्या सस्पेन्शनमध्ये झाला.

१९६० च्या दशकातील बीटल जतन करणारे अनेक मालक आपल्या मोटारीला नंतरच्या वर्षांतील मागील सस्पेन्शन बसवण्याचा विचार करतात. वळणावरील स्थिरता वाढावी, हा त्यामागील मुख्य हेतू असतो. परंतु हा बदल केवळ काही सुटे भाग काढून दुसरे लावण्यापुरता मर्यादित नाही. गिअरबॉक्स, ब्रेक, चाके आणि काही वेळा मोटारीची कायदेशीर ओळख, या साऱ्यांशी त्याचा संबंध येतो.

मूळ रचना

बीटलचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन मागील अ‍ॅक्सलच्याही मागे बसवलेले असते. त्यामुळे मोटारीच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग मागील चाकांवर येतो. जुन्या मोटारींमध्ये गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते आणि तिच्या आतून चाकाला फिरवणारा दांडा जातो. ही नळी फक्त गिअरबॉक्सजवळच्या टोकाला वर-खाली हलू शकते. चाक तिच्या दुसऱ्या टोकाला पक्के जोडलेले असते. या रचनेला ‘स्विंग अ‍ॅक्सल’ असे म्हणतात.

स्प्रिंगचे काम टॉर्शन बार करतात. हे पोलादी दांडे मोटारीच्या रुंदीला समांतर अशा एका आडव्या नळीत बसवलेले असतात. चाक वर उचलले गेले की दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळ सुटताना चाक पूर्वस्थितीला येते.

ही रचना साधी, मजबूत आणि स्वस्त होती. नळीच्या आतील भागाला गिअरबॉक्सचेच तेल मिळत असल्यामुळे वंगणाची स्वतंत्र व्यवस्था करावी लागत नसे. खराब रस्त्यांवर चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलत असल्याने, एकसंध अ‍ॅक्सलच्या तत्कालीन मोटारींपेक्षा बीटल अधिक सुखावह वाटे.

धोका कोठे आहे?

चाक वर-खाली होताना ते गिअरबॉक्सजवळच्या सांध्याभोवती कमानीत फिरते. परिणामी चाकाचा कल सतत बदलत राहतो. मोटारीचा मागील भाग खाली दबला की चाकांची वरची बाजू आत झुकते, तो वर उचलला गेला की चाकांची खालची बाजू आत वळते.

वेगात वळण घेताना बाहेरच्या बाजूच्या टायरवर रस्त्याकडून आडवा दाब येतो. सांधा जमिनीपासून बराच उंच असल्यामुळे हा दाब मोटारीचा मागील भाग वर उचलू लागतो. भाग वर उचलला गेला की बाहेरचे चाक शरीराखाली दुमडल्यासारखे होते, टायरची रस्त्यावरील पकड घटते आणि मागील बाजू अचानक घसरते. अशा वेळी चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढला, तर भार पुढे सरकतो, मागचा भाग आणखी उचलला जातो आणि परिस्थिती अधिक बिघडते.

सामान्य वेगात आणि कोरड्या रस्त्यावर हा दोष बहुधा जाणवत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. मात्र मूळ इंजिनाऐवजी अधिक शक्तीचे इंजिन बसवलेल्या किंवा रुंद व अधिक पकड असलेले टायर लावलेल्या मोटारीत हा धोका वाढतो. टायरची पकड जितकी जास्त, तितका मागील भाग वर उचलणारा दाबही जास्त असतो.

कॉर्वेअर प्रकरण

स्विंग अ‍ॅक्सलबाबतची सर्वांत मोठी सार्वजनिक चर्चा अमेरिकेत झाली. तिच्या केंद्रस्थानी जनरल मोटर्सची शेवरोले कॉर्वेअर ही मोटार होती. या मोटारीचे इंजिनही मागे होते. १९६० ते १९६३ या वर्षांच्या कॉर्वेअर मोटारींना स्विंग अ‍ॅक्सल होता. राल्फ नाडर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात त्यावर कठोर टीका केली.

कंपनीने तोपर्यंत रचनेत बदल केला होता. १९६४ च्या मॉडेलमध्ये चाकांचा कल आवरणारी आडवी पट्ट्यांची स्प्रिंग देण्यात आली, तर १९६५ च्या मॉडेलमध्ये संपूर्ण मागील सस्पेन्शन नव्याने तयार करण्यात आले. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९७२ मध्ये दिलेल्या अहवालात, जुन्या कॉर्वेअरचे वळणावरील वर्तन तिच्या समकालीन मोटारींच्या तुलनेत असाधारण धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला.

या दोन्ही घटना एकत्र पाहिल्यास मुद्दा स्पष्ट होतो. स्विंग अ‍ॅक्सलची मोटार आपल्या मर्यादेत सुरक्षितपणे चालवता येते, मात्र ती मर्यादा ओलांडल्यावर चालकाला सावरण्यास फार कमी अवधी मिळतो.

कारखान्यात झालेले बदल

फोक्सवॅगनने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने हाताळला. १९६७ च्या मॉडेलपासून बीटलच्या मागील चाकांमधील अंतर वाढवण्यात आले आणि दोन्ही बाजूंना जोडणारा एक अतिरिक्त दांडा बसवण्यात आला. त्याच्या आकारामुळे त्याला ‘झेड बार’ म्हटले जाते. दोन्ही चाके एकाच वेळी दबली की हा दांडा भार उचलण्यास मदत करतो. मोटार वळणावर कलते तेव्हा मात्र तो फारसा विरोध करीत नाही. सर्वसामान्य अँटी-रोल बारचे कार्य याच्या नेमके उलट असते.

त्यापुढील टप्पा १९६८ च्या मॉडेलमध्ये आला. अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या बीटलला नवे, प्रत्येक बाजूला दोन सांधे असलेले मागील सस्पेन्शन मिळाले. १९६९ च्या मॉडेलपासून अमेरिकेसाठी तयार होणाऱ्या साध्या गिअरबॉक्सच्या बीटललाही ते देण्यात आले. युरोपात १९७० मध्ये आलेल्या १३०२ या मॉडेलमध्ये आणि त्यानंतरच्या १३०३ मध्ये ही रचना होती. युरोपातील स्वस्त मॉडेलांमध्ये मात्र स्विंग अ‍ॅक्सल पुढेही कायम राहिला. त्यामुळे केवळ उत्पादनवर्षावरून मोटारीत कोणते सस्पेन्शन आहे हे ठरवता येत नाही. ती कोणत्या बाजारपेठेसाठी तयार झाली होती, हेही पाहावे लागते.

नव्या रचनेत चाकाला तिरक्या दिशेने बसवलेली एक मजबूत भुजा आधार देते. चाकाला फिरवणाऱ्या दांड्याला आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही टोकांना सी.व्ही. जॉइंट असतात. म्हणजे संपूर्ण मोटारीत असे चार सांधे होतात. चाक वर-खाली झाले तरी त्याचा कल पूर्वीपेक्षा खूपच कमी बदलतो. टॉर्शन बार याही रचनेत कायम आहेत. जुन्या मोटारीला नवे भाग बसवणे शक्य होते, त्याचे हेच मुख्य कारण आहे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ‘न्यू बीटल’ ही पुढे इंजिन असलेली आणि पुढच्या चाकांवर चालणारी वेगळीच मोटार आहे. तिचे भाग जुन्या बीटलला लागू पडत नाहीत.

बदलाचे तीन मार्ग

पहिला मार्ग संपूर्ण तळफ्रेम बदलण्याचा आहे. बीटलचे शरीर तळफ्रेमवर बोल्टने बसवलेले असते. ते उचलून, दोन सांध्यांचे सस्पेन्शन असलेल्या नंतरच्या मोटारीच्या तळफ्रेमवर बसवता येते. वेल्डिंग कमी लागत असल्याने हा मार्ग सोपा वाटतो. परंतु बीटलचा चॅसिस क्रमांक मागील आसनाखाली, तळफ्रेमच्या मधल्या उंचवट्यावर कोरलेला असतो. तळफ्रेम बदलली की क्रमांकही बदलतो आणि कायद्याच्या दृष्टीने मोटारीची ओळख बदलते. शिवाय १३०२ आणि १३०३ या मॉडेलांची पुढील रचना वेगळी असल्यामुळे त्यांची तळफ्रेम जुन्या शरीराखाली सरळ बसत नाही.

दुसरा मार्ग मूळ तळफ्रेमचा मागचा भाग कापून त्याजागी नंतरच्या तळफ्रेमचा मागचा भाग वेल्डिंगने जोडण्याचा आहे. यात चॅसिस क्रमांक मूळचाच राहतो, मात्र काम अवघड असते. जोड किंचित जरी तिरका झाला, तरी मोटार सरळ रेषेत चालत नाही.

तिसरा मार्ग सर्वाधिक वापरला जातो. मूळ आडवी नळी तशीच ठेवून तिरक्या भुजांना आधार देणारे दोन कंस तिच्यावर वेल्डिंगने जोडले जातात. हे कंस तयार मिळतात. त्यांची जागा ठरवण्यासाठी साचा वापरणे अत्यावश्यक असते, कारण चाकांची दिशा याच दोन बिंदूंवर अवलंबून असते. हे वेल्डिंग संपूर्ण मागील चाकाचा भार वाहणारे असल्याने ते अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. पेट्रोलची टाकी पुढे असली तरी इंधनाची नळी तळफ्रेमच्या मधल्या पोकळीतून मागे येते. त्यामुळे वेल्डिंगपूर्वी ती रिकामी करणे व बॅटरी काढून ठेवणे आवश्यक आहे.

सोबत बदलावे लागणारे भाग

येथेच अनेक मालकांचा अंदाज चुकतो. स्विंग अ‍ॅक्सलच्या गिअरबॉक्सला सी.व्ही. जॉइंट जोडता येत नाहीत, कारण त्याच्या डिफरन्शियलमधील दांड्यांची रचना वेगळी असते. त्यामुळे नव्या रचनेचा गिअरबॉक्स आणावा लागतो किंवा जुना उघडून आतील भाग बदलावे लागतात.

सहा व्होल्टच्या जुन्या मोटारींमध्ये आणखी एक अडचण येते. त्यांचे फ्लायव्हील व क्लच लहान, म्हणजे १८० मिलीमीटरच्या क्लचसाठी असतात. नंतरच्या गिअरबॉक्ससाठी २०० मिलीमीटर क्लचचे फ्लायव्हील आणि त्याला जुळणारा स्टार्टर लागतो. फ्लायव्हीलच्या दात्यांची संख्याही वेगळी असते. क्लचच्या रिलीज बेअरिंगची रचनाही १९७० च्या सुमारास बदलली. त्यामुळे गिअरबॉक्स व क्लचचे भाग एकाच काळातील आहेत, याची खात्री करून घ्यावी लागते.

चाकांचा प्रश्न त्याहून साधा, पण रोजच्या वापरात अधिक त्रासदायक ठरणारा आहे. जुन्या बीटलची चाके पाच बोल्टची असून ते बोल्ट २०५ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. नंतरच्या मोटारींमध्ये चार बोल्ट आणि १३० मिलीमीटर व्यासाचे वर्तुळ आले. फक्त मागील भाग बदलले, तर पुढे पाच व मागे चार बोल्टची चाके होतात आणि एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. यावर दोनच उपाय आहेत. पुढील ड्रम बदलावेत किंवा मागे पाच बोल्टचे जुळणारे ड्रम मिळवावेत.

१९६६ पर्यंतच्या मोटारींच्या तुलनेत नव्या रचनेत मागील चाके थोडी बाहेर येतात. रुंद टायर असल्यास ते मडगार्डला घासू शकतात. ब्रेकच्या रबरी नळ्या, लोखंडी नळ्या आणि हँडब्रेकच्या तारा यांची लांबी व मार्गही पुन्हा तपासावा लागतो. चाक सर्वांत खाली व सर्वांत वर असताना कोणतीही नळी ताणली जात नाही ना, हे मोटार जमिनीवर उतरवण्यापूर्वीच पाहावे.

जुळणी करताना

टॉर्शन बार काढताना सर्वाधिक दक्षता घ्यावी लागते. चाक मोकळे असतानाही त्यांच्यात ताण शिल्लक असतो. त्यांना जोडलेली पोलादी पट्टी आधारावरून सुटल्यास जोराने खाली झेपावते. म्हणून ती जॅकने व साखळीने धरून हळूहळू मोकळी करतात. डावा व उजवा दांडा एकमेकांच्या जागी वापरू नये. दोघांना विरुद्ध दिशांनी पूर्वताण दिलेला असतो आणि तशा खुणाही त्यांवर असतात. वेगवेगळ्या वर्षांच्या दांड्यांची लांबी व जाडी निराळी असल्याने जोडी मिसळणेही टाळावे.

मागील उंची ठरवण्याची पद्धत कल्पक आहे. दांड्याच्या आतील टोकाला ४० आणि बाहेरील टोकाला ४४ दाते असतात. आतील टोक एका दात्याने फिरवल्यास ९ अंशांचा, तर बाहेरील टोक एका दात्याने फिरवल्यास सुमारे ८.२ अंशांचा फरक पडतो. आतले टोक एका दिशेने आणि बाहेरचे विरुद्ध दिशेने फिरवले, तर एका अंशापेक्षाही कमी फरक साधता येतो. दोन्ही बाजूंचा कोन सारखा नसल्यास मोटार एका बाजूला झुकते.

मागील चाकाचा मधला नट ३६ मिलीमीटरचा असतो आणि तो सुमारे ३० किलोग्रॅम-मीटर इतका घट्ट करावा लागतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर ३० किलो भार द्यावा लागतो. खिळपिनेचे भोक जुळत नसेल तर नट सैल न करता पुढच्या भोकापर्यंत आवळतात. सी.व्ही. जॉइंटचे बोल्ट थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा तपासणे आवश्यक असते. या सांध्यांवरील रबरी आवरण फाटल्यास ग्रीस बाहेर पडते, धूळ आत जाते आणि सांधा लवकर निकामी होतो. जुन्या रचनेत नसलेली ही देखभाल नव्या रचनेत नियमितपणे करावी लागते.

सर्व जोडणी झाल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करावे. भुजा व पट्टी यांच्या जोडातील लांबट भोकांमुळे मागील चाकांची दिशा थोडी कमी-जास्त करता येते. कंस चुकीच्या जागी वेल्ड झाले असतील, तर ही तडजोड पुरेशी ठरत नाही.

कापाकापी न करता

मोटार मूळ स्वरूपात ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी इतर उपाय उपलब्ध आहेत. गिअरबॉक्सखाली बसणारी आडवी पट्टी-स्प्रिंग दोन्ही अ‍ॅक्सल नळ्यांना खालून आधार देते आणि चाके शरीराखाली दुमडण्यास प्रतिबंध करते. पोर्शे ३५६ च्या काही मॉडेलांमध्ये अशीच स्प्रिंग कारखान्यातूनच दिली जात असे. बीटलसाठी ती १९६० च्या दशकापासून बाजारात मिळू लागली. ती बोल्टने बसते व पुढे कधीही काढता येते.

त्याखेरीज टायरमधील हवेचा दाब कंपनीने सांगितल्याप्रमाणे, म्हणजे पुढे कमी व मागे जास्त ठेवणे, कडक झालेले रबरी बुश बदलणे, चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मूळ मापाचे टायर वापरणे, या साध्या उपायांनीही मोटारीच्या वर्तनात स्पष्ट फरक पडतो. अनेक जुन्या मोटारींमध्ये रचनेचा दोष समजला जाणारा त्रास प्रत्यक्षात ५० वर्षांच्या रबराचा असतो.

नियम काय सांगतात?

जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या, सुस्थितीतील मोटारींना १९९७ पासून ‘एच’ अक्षराचा विशेष क्रमांक दिला जातो. त्यासाठी मोटार मूळ स्वरूपात असावी किंवा तिच्यातील बदल त्या काळाशी सुसंगत असावेत, अशी अपेक्षा असते. सस्पेन्शनमधील बदलाची तांत्रिक तपासणी होऊन त्याची कागदपत्रांत नोंद व्हावी लागते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीला दुजोरा दिला. त्यामुळे चॅसिस क्रमांक बदलणारा पहिला मार्ग भारतातील मालकासाठी सर्वांत गंभीर ठरतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. प्रथम नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये व मुदत १० वर्षे, तर नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये व मुदत ५ वर्षे ठरवण्यात आली. मोटार मूळ स्वरूपात जतन केलेली असावी आणि चॅसिस, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातील महत्त्वाची अट आहे. चॅसिसच्या मागील भागावर कापणी व वेल्डिंग केल्यास या अटीचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडून लेखी मत घेणे हिताचे ठरते.

निर्णयापूर्वी

हा बदल कोणासाठी योग्य आहे, हे मोटारीच्या वापरावर ठरते. मोठे इंजिन बसवलेली, पूर्वीच फेरबदल झालेली आणि वेगात चालवली जाणारी मोटार असेल, तर दोन सांध्यांचे सस्पेन्शन सुरक्षिततेच्या दृष्टीने समर्थनीय आहे. मात्र गिअरबॉक्स, ब्रेक, चाके आणि अलाइनमेंट यांसह तो पूर्ण केला तरच. अर्धवट केलेला बदल जुन्या रचनेपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकतो, कारण जुन्या मोटारीचा स्वभाव निदान माहीत असतो.

मूळ इंजिनासह, सौम्य वेगाने चालणाऱ्या आणि मूळ स्वरूपात टिकून राहिलेल्या मोटारीला मात्र आडवी स्प्रिंग, नवे रबर आणि योग्य टायर पुरेसे असतात. बदल करायचाच असेल, तर काढलेला प्रत्येक भाग खूण करून जपून ठेवावा आणि केलेल्या कामाची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. बोल्टने बसवलेला भाग पुढचा मालक काढू शकतो. कापलेली तळफ्रेम पूर्ववत करणे मात्र जवळपास अशक्य असते.

महत्त्वाची वर्षे

१९६५ : राल्फ नाडर यांचे पुस्तक प्रसिद्ध.
१९६७ चे मॉडेल : बीटलला झेड बार व मागील चाकांमध्ये वाढीव अंतर.
१९६८ चे मॉडेल : अर्धस्वयंचलित बीटलला दोन सांध्यांचे मागील सस्पेन्शन.
१९६९ चे मॉडेल : अमेरिकेसाठीच्या सर्व बीटल मोटारींना तीच रचना.
१९७० : युरोपात १३०२ मॉडेलचे आगमन.
१९७२ : कॉर्वेअरसंबंधी अमेरिकी अहवाल.
२००३ : पुएब्ला येथे बीटलचे उत्पादन समाप्त.
२०२१ : भारतात व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित.